महादेवाच्या देवळाची उरलेली भिंत

जऊळका स्टेशनवर उतरले तेव्हाच डोकं तापलेलं होतं. गाडी रखडली, त्यात ऑटोवाला सीटा भरल्याशिवाय हलेना. मला पाहायचं होतं महादेवाचं हेमाडपंती देऊळ, चुन्याशिवाय दगडात दगड अडकवून बांधलेलं. कुठला दगड कुठे बसवायचा यासाठी पाथरवटांनी कोरलेल्या खुणा तिथे अजून दिसतात, असं ऐकलं होतं. देऊळ कसं चढत गेलं ते त्यावरून कळतं.

देऊळ दिसलं आणि मी कपाळावर हात मारला. तीन भिंती गुलाबी फरश्यांनी मढवलेल्या! न्हाणीघर बरं. काळा दगड उरला होता फक्त मागच्या भिंतीत, एका फरशीएवढा, आणि शेजारी मिस्त्री थापी घेऊन बसलेला.

"आल्या बाई! कवाची वाट पाहून राह्यलो!" एक म्हातारी उठली. या सत्यभामाबाई. ऑटोवाल्यानं फोन केला होता म्हणे, परगावचं माणूस येतंय. त्यांनी आग्रहानं पिठलं-भाकर वाढली. मीही मूर्खासारखी खूश झाले.

जेवण होताच त्यांनी माझ्या हातात फरशी दिली.

"अहो, कशाला झाकताय हे?" मी ओरडलेच.

"कायले (कशाला) म्हंजे? नवस हाय. लय वर्सांनी लेकीले पोरगी झाली, अन् थे (ती) काचेच्या पेटीत. जगली त देवळाची येक भिंत फरशीची करीन, म्हनलं. जगली."

शेवटची फरशी परक्या गावच्या माणसानंच लावायची, इथली रीत. तोवर बाळाला देवळात नेत नाहीत, नावही ठेवत नाहीत. ओसरीवर लेक बाळ घेऊन सकाळपासून ताटकळली होती. संध्याकाळच्या बसनं तिला सासरी जायचं होतं.

उघड्या दगडावर पाथरवटाची खूण होती, एक इवलंसं कोरलेलं कासव. मी त्यावरून बोट फिरवलं. "एवढी एक जागा सोडा ना हो!"

"सोडली त नवस अर्धा राह्यला, बाई," सत्यभामाबाई म्हणाल्या.

बाळ रडायला लागलं. काय करणार होते मी, सांगा! दातओठ खात फरशी दाबली. ती वाकडी बसली.

"काढून नीट लावा," मी मिस्त्रीवर खेकसले.

"राहू द्या," तो हसला. "कोनं बसवली थे तरी कळंल."

परतीच्या गाडीत नखांतलं सिमेंट निघता निघेना. अजूनही संताप होतो. देवळं अशीच बुजतात, आणि या देवळाचा शेवटचा दगड मी बुजवला. फरशी लागताच सत्यभामाबाई नातीला उचलून आत धावल्या होत्या. घाईघाईत तिचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं.