फणीत राहिलेली सुतं

मोताळ्याच्या बाजारात घेतलेल्या कोऱ्या पंच्याला खळीचा वास आला आणि जळगाव जामोदचं आमचं घर आठवलं. त्या दिवशी वडिलांनी हातमागावरून शेवटचं लुगडं उतरवलं होतं. संध्याकाळी माग जळणात जाणार होता. नवा ताणा, म्हणजे उभी सुतं, जुन्या सुतांच्या टोकांना गाठी मारून जोडतात. सुतं ओवलेल्या मागाच्या फणीतली ती टोकं वडील ओढून काढू लागले, तेव्हा आईनं त्यांचा हात धरला.

"राहू द्या. मंग नवा ताणा कशाले जोडाल?"

"आता कोन जोडते? माग तं चालला चुलीत."

"आजवर कोनं जोडला?"

वडिलांनी हात काढून घेतला. लाकूड गेलं, फणी सुतांसकट घरी राहिली. तेव्हा तो आईचा हट्ट वाटला होता. सगळे त्या मागाला वडिलांचा माग म्हणत, पण त्यावरची प्रत्येक गाठ तिची होती.