खंडेनवमीच्या सुऱ्या

मी फडकं घेऊन सुऱ्या पुसायला वाकलो, तर रेक्टरसाहेबांनी माझं मनगटच धरलं. “पूजा झाली आहे. उद्यापर्यंत हत्यार हलवायचं नाही.”

खामगावच्या एका बोर्डिंगात मी मेस-मॅनेजर होतो. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. तो खंडेनवमीचा दिवस. ज्यानं पोट भरतं ते हत्यार त्या दिवशी पुजतात. दीडशे पोरांचा स्वयंपाक विळीवर बसून होत नाही, म्हणून आमच्याकडे चार लांब विलायती सुऱ्या होत्या. त्या धुऊन ओल्याच पाटावर मांडल्या होत्या. वर कालवलेलं हळदकुंकू आणि पिळलेलं लिंबू.

त्या सुऱ्या स्टेनलेसच्या नव्हत्या. साधं पोलाद. धार अशी लागायची की टमाट्याला कळायचं नाही, पण ओल आणि आंबट त्याला खपत नाही. कापून झालं की पुसायची, कोरडी करायची, खोबरेलाचा हात फिरवायचा आणि धारेला धार न लागू देता वेगवेगळी गुंडाळायची. एवढंच शास्त्र.

“सर, आधी तेल लावतो, वर कोरडी हळद वाहू. देवी काही रागवायची नाही.”

“तुम्ही मेस बघा. पूजेचं मी बघतो.”

गुलाबराव आमचा आचारी, देऊळघाटचा. तो हळूच म्हणाला, “जाऊ द्या ना मॅनेजर. मोठ्याच्या तोंडी काऊन लागता?” मी फडकं खुंटीला अडकवलं. नोकरी नवी होती. खरं सांगायचं तर भ्यालो.

दसऱ्याच्या सकाळी चारी सुऱ्या तांबड्यालाल. गुलाबरावनं विटेच्या भुकटीनं घासल्या. गंज गेला, पण त्यानं खाल्लेल्या जागी धारेला बारीक खाचा राहिल्या. दगडावर नीट धार काढायला अर्धा दिवस हवा होता आणि पंगत बाराची. बोथट सुरी धारेच्या सुरीपेक्षा वाईट. ती कापत नाही, म्हणून माणूस जोर लावतो.

“भोपळ्यात अडकून राह्यली हो.”

“दुसरी घे.”

“चारी तशाच हायेत,” म्हणत त्यानं सुरीवर अंगाचा भार टाकला. सुरी सालीवरून घसरली आणि डाव्या हाताच्या तीन बोटांवर बसली.

दवाखान्यात टाके पडले. बोटं राहिली, पण ती पुन्हा वळली नाहीत. कढई उतरवायला दोन्ही हात लागतात.

रेक्टरसाहेबांनी रिपोर्ट सांगितला आणि मी लिहिला. आचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला. “सही करा, इन-चार्ज तुम्ही आहात.” मी केली. त्याच कागदावर गुलाबरावला काढून टाकलं.

तो हाताला पट्टी बांधून मला भेटायला आला. “मॅनेजर, त्यात काय लिवलं?”

मी वाचून दाखवलं. लाज वाटली, तरी सगळं वाचलं.

“तुमाले त ठाऊक होतं,” तो म्हणाला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पण तो तसाच उठून गेला.

न पाहिलेल्या गोष्टीवर सही करू नये, असं नोकरीत सगळेच शिकवतात. मी तर सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.