गुडघ्याचे सहा गुण

डेपोत त्याला सगळे गणिती म्हणायचे. कुठल्या ड्रायव्हरला कुठली बस आणि कुठली पाळी, हे तो कॉम्प्युटरवर असं बसवायचा की कमीत कमी माणसांत जास्तीत जास्त फेऱ्या निघायच्या. डेपो-डेपोंचे क्रिकेटचे सामने सुरू झाले, तसा कॅन्टीनमध्ये कागदी संघांचा खेळ रंगला. प्रत्येक खेळाडूला एक किंमत, शंभरात अकरा जण बसवायचे, आणि ते मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्याला. बाकीचे अंदाजपंचे निवडायचे. यानं आपला प्रोग्रामच खेळाडूंना लावला आणि सलग तीन आठवडे पहिला आला. मग काय, स्वारी हवेतच!

धाकटा भाऊ तिथेच मेकॅनिक आणि डेपोच्या संघाचा विकेटकीपर. त्याचा गुडघा सुजला होता, पण हे त्यानं फक्त मोठ्याला सांगितलं होतं. "दादा, कुणाला बोलू नकोस. फायनल तेवढी खेळतो, मग जातो डॉक्टरकडे."

दादा बोलला नाहीच. फायनलचे आकडे भरताना त्यानं भावाच्या नावापुढच्या अपेक्षित गुणांतून गुडघ्याचे सहा मात्र कमी केले. प्रोग्रामनं भावाला वगळलं. 'भाऊ हवाच' अशी अट घालून पाहिली, तर बेरीज चारने घसरली. कोण बघतंय एवढं, असं मनाशी म्हणत त्यानं अट काढली आणि यादी फळ्यावर लावली.

कोण बघतंय म्हणे! अख्खं कॅन्टीन आधी त्याचीच यादी वाचायचं. कॅप्टननंही वाचली आणि तडक वर्कशॉप गाठलं.

"सख्ख्या भावानं वगळलंय तुला, म्हणजे काहीतरी आहे. उकिडवा बस बघू."

धाकटा बसला, पण उठताना त्याला भिंत धरावी लागली. फायनलला दुसराच कीपर उभा राहिला.

गणिती पुन्हा पहिला आला. लोक पाठ थोपटत होते आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. चार गुणांसाठी त्यानं भावाचा भरवसा विकला होता.

घरी तो कसाबसा म्हणाला, "चुकलंच माझं."

"गणित बरोबरच होतं, दादा," धाकटा जेवता जेवता म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर दादाला बरं वाटलं असतं.

दहा दिवसांनी कॅप्टन पाळीचा तक्ता बघायला आला. जाता जाता म्हणाला, "उद्या तुम्ही सुट्टीवर असाल ना? भावाचं ऑपरेशन आहे."

"हो तर," गणिती म्हणाला. त्याला हे आत्ताच कळत होतं.