गादीच्या मधोमध

चेन्दा, तुला मराठी वाचता येत नाही हे माझं नशीब. नाहीतर हा कागद चुरगाळून तू माझ्याच कॉफीत बुडवला असतास आणि वर ऐकवलं असतंस, "माझ्यावर काय लिहायचंय? माझ्या डोनटवर लिही." तीस वर्षं तुझ्या दुकानासमोर राहतेय, एवढा हक्क मला आहे. आता गप्प बस. बाकीच्यांना सांगतेय, मध्ये बोलू नकोस.

तर अमेरिकेतल्या लाँग बीचच्या कंबोडियन वस्तीत चेन्दाचं डोनटचं दुकान आहे. पहिला नवरा गेल्यावर बारा वर्षं तिनं ते एकटीनं ओढलं. मग स्वतःच्या पुतणीच्या लग्नासाठी वुथी कंबोडियातल्या नोम पेन्हहून पाहुणा म्हणून आला. कॉफी प्यायला दुकानात शिरला, तर ही बया मैद्याचं पोतं फरफटत नेत होती. त्यानं न विचारता दुसरं टोक उचललं. कॉफी नंतर मागितली. ती बासष्टची, तो अठ्ठावन्नचा. पाच महिन्यांत दोघांनी लग्न केलं.

वस्तीतल्या जिभा चालल्याच. "म्हातारीला फुकटचा भटारी मिळाला, भटाऱ्याला अमेरिका मिळाली." चेन्दानं ते काउंटरच्या आतून ऐकलं आणि बोलणारीच्या खोक्यात मुद्दाम एक डोनट जास्तीचा टाकला. "घे, तोंड भरलेलं असू दे."

पण सरकारचं तोंड डोनटनं भरत नाही. वुथीला इथं राहायचं तर चेन्दाचा नवरा म्हणून ग्रीन कार्ड मिळायला हवं, आणि त्यासाठी इमिग्रेशनच्या कचेरीत मुलाखत देऊन लग्न खरं असल्याचं पटवायला हवं. नाही पटलं, तर त्यानं सामान बांधायचं.

वकीलबाईंनी दोघांना तालमीला बसवलं.

"पलंगावर तुम्ही कुठल्या बाजूला झोपता?"

"मधोमध," चेन्दा म्हणाली.

"आणि हे?"

"तोही मधोमध."

बाईंनी पेन खाली ठेवलं. चेन्दानं उलगडून सांगितलं. वुथी रात्रभर दुकानात डोनट तळतो. पहाटे ही दुकानात येते, तो घरी जाऊन झोपतो. संध्याकाळी ही घरी येऊन झोपते, रात्री तो पुन्हा दुकानात. पलंग एक, उशी एक, वेळा दोन.

"हे असलं तिथं सांगू नका हं," बाई म्हणाल्या. "डावी बाजू तुमची, उजवी त्यांची. आणखी एक उशी घ्या. समुद्रावर जाऊन चार फोटो काढा, हातात हात घालून."

"खोटं सांगू?"

"सोपं सांगा."

चेन्दा उठून उभी राहिली. तिचे वडील शाळामास्तर होते. मायदेशात शिकलेल्यांना शत्रू मानणाऱ्या राजवटीच्या त्या काळ्या चार वर्षांत मास्तर आणि मास्तरांची पोरं टिपून मारली जात होती. चौदा वर्षांच्या चेन्दाला बंदूकवाल्यानं विचारलं, हा माणूस तुझा कोण? समोर बाप उभा. ती म्हणाली, ओळखत नाही. बापानंच तिला ते शिकवून ठेवलं होतं. ती जगली, तो नाही. हे तिनं वकीलबाईंना सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या माणसाबद्दल एकदा खोटं बोललेय मी. आता पुरे."

घरी वुथी घाबरला. "आणि परत पाठवलं मला तर?"

"तर दुकान विकून मीपण येईन. नोम पेन्हला लोक नाश्ता करत नाहीत काय?"

मुलाखतीच्या दिवशी दुकान बंद राहिलं. कचेरीतल्या बाकड्यावर बसल्या बसल्या वुथीला झोप लागली. अंगाला तळणीचा आणि साखरेचा वास, मान हिच्या खांद्यावर. चेन्दानं खांदा हलवला नाही. भर उजेडात हा माणूस आपल्या शेजारी झोपलाय, हे ती पहिल्यांदाच बघत होती.

आत नेऊन त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. वुथीला दुभाष्या दिला. बाजू विचारली, तो म्हणाला मधोमध. मग तोच प्रश्न हिला.

"मधोमध."

अधिकारीण चाळिशीची होती. चेहरा इस्त्री केलेला. "दोघंही मधोमध कसे झोपाल?"

"एका वेळी नाही झोपत."

"म्हणजे तुम्ही एकत्र झोपतच नाही."

"झोपायला नवरा कशाला लागतो? तो जागेपणी लागतो."

"एकत्र जेवता कधी?"

"पहाटे, पाळी बदलताना. तांदळाची पेज. पंधरा मिनिटं, उभ्यानं."

"शेवटची सुट्टी एकत्र कधी घालवलीत?"

"ही चाललीय ती."

अधिकारीण हसली नाही. "बाई, बाहेरून हे कसं दिसतं सांगू? तुम्हाला रात्रपाळीचा माणूस मिळाला, त्यांना कार्ड."

चेन्दानं पर्स टेबलावर आपटली. "माणूस पगारी ठेवता येतो. पगारी माणूस पेजेतला आल्याचा तुकडा वेचून काढत नाही. मला आलं चालत नाही, त्याला त्याच्याशिवाय चालत नाही. म्हणून आलं घालतो आणि माझ्या वाटीतलं काढतो. रोज. विचारा जाऊन त्याला. आणि उशी एकच का, तेही विचारा. मी दुसरी आणलेली. त्यानं परत केली. म्हणाला, मग घरी कोणाच्या वासावर झोपू?"

अधिकारीण उठून दुसऱ्या खोलीत गेली. चेन्दा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. बापाला नाकारायला एक श्वास पुरला होता. इथं दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. अधिकारीण परतली, कागदावर काहीतरी खरडलं, म्हणाली, "पत्रानं कळवू." बस.

वाटभर वुथी विचारत होता, "आल्याचं कशाला सांगितलंस? मला लाज वाटली."

"तू काय सांगितलंस?"

"तेच."

सहा आठवड्यांनी कार्ड आलं. वस्तीनं मिठाई मागितली, तिनं दिली. मग संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून ती माझ्याकडे आली.

"तुझं इंग्रजी कॉलेजातलं. त्या कचेरीला एक पत्र लिहून दे. तक्रार. म्हणावं, कष्टकऱ्यांना पलंगाच्या बाजू विचारू नका."

"अगं, कार्ड मिळालं ना?"

"कार्ड मिळालं म्हणून प्रश्न बरोबर ठरतो काय? माझ्यामागे दुसरी कुणी बसेल त्या खुर्चीत. ती घाबरेल आणि डावी बाजू म्हणेल."

सोमवारी लिहिते, मी म्हणाले. चेन्दा, त्याला दीड वर्ष झालं. पहिली ओळ 'डिअर सर' आहे. पुढचं अजून व्हायचंय.