वेग दुप्पट, ओढ चौपट

कारखान्यात घासायचं नवं दगडी चाक आलं की अण्णा ते कानाशी धरून लाकडी मोगरीने हलकेच ठोकायचे. खणखणीत नाद आला तर चाकाला तडा नाही. मग तीच मोगरी शेजारच्या कामगाराच्या डोक्यावर. "यातून काहीच ऐकू येत नाही," म्हणायचे.

साठच्या दशकात बंगळूरच्या एका छोट्या कारखान्यात ते आमचे सुपरवायझर होते. घर चामराजपेटला, आमच्या शेजारीच. तापट माणसं तुम्हीही पाहिली असतील. गणितासाठी हाणामारी करणारा बहुधा पाहिला नसेल.

"वेग दुप्पट, तर ओढ चौपट!" हे त्यांचं पालुपद. एरवी कन्नड बोलत, पण संतापले की मराठीच तोंडात यायची. फिरणारी प्रत्येक वस्तू बाहेर सुटायला बघते आणि किती जोराने, ते गणित आधीच सांगतं, हे ते बस वळतानाही ऐकवत. एकदा नळावर त्यांनी भरलेली बादली डोक्यावरून गरगर फिरवली. थेंब सांडला नाही. "आता वेग वाढवतो," म्हणाले आणि कडी तुटली. बादली थेट समोरच्या खिडकीत. समोरच्या अक्का शिव्या देत बाहेर आल्या, तर हे खुशीत, "बघितलंत अक्का? चौपट!"

कारखान्यात मात्र हसू येत नसे. तिथे घासायची दगडी चाकं पट्ट्यावर फिरत. चाक झिजून लहान झालं की त्याची कड मंदावते, म्हणून कामगार पट्टा लहान कप्पीवर सरकवून त्याचा वेग वाढवत. एवढं ठीक. पण नंतर नवं मोठं चाक चढवताना पट्टा मागे घ्यायचा राहिला, तर त्या वाढलेल्या वेगाने चाक फुटतं. कृष्णप्पा नावाचा दांडगा कामगार एकदा हे विसरला. तो बटण दाबणार, तोच अण्णांनी सगळ्यांसमोर त्याच्या मुस्कटात भडकावली. ओठ फुटला.

मी चिडलो. "अण्णा, समजावून सांगता येत नाही?"

"वेळ असला की समजावतो. नसला की हात चालतो."

कृष्णप्पाने रक्त पुसलं. "पुन्हा हात लावला तर सोडणार नाही," तो मला कन्नडमध्ये म्हणाला. तो नुसता बोलणाऱ्यातला नव्हता.

काही महिन्यांनी त्याच्या हातून तीच चूक झाली. यंत्र सुरू होताच आवाज भलताच चढला. अण्णा ओरडत धावले, पण त्या गोंगाटात कुणाला काय ऐकू येणार? त्यांनी कृष्णप्पाला दंडाला धरून खेचलं. तो हलेना, तेव्हा गुद्दा घातला. त्याला वाटलं, पुन्हा मार. त्याने अण्णांची गचांडी धरली आणि गर्रकन फिरवून त्यांना चाकासमोर ढकललं. त्याच क्षणी चाक फुटलं. एक तुकडा पत्रा फाडून छपराबाहेर गेला. एक अण्णांच्या मानेत घुसला.

कृष्णप्पा दोन्ही हातांनी जखम दाबत होता. रक्त त्याच्या बोटांमधून येतच राहिलं. "बेडा अण्णा, बेडा," नको, नको, एवढंच तो म्हणत होता. दवाखान्यात पोचेपर्यंत अण्णा गेले.

मला त्यांचा अजून राग येतो. बटण जवळ होतं, आधी तिकडे का नाही गेले? उत्तरही मला ठाऊक आहे. बटण बंद केलं तरी चाक लगेच थांबत नाही. म्हणून ते आधी माणसाकडे गेले.

कृष्णप्पा त्याच यंत्रावर राहिला. नवा कामगार आला की तो त्याचा हात धरून बंद पट्ट्यावर ठेवायचा आणि हळू आवाजात म्हणायचा, "वेग दुप्पट, ओढ चौपट." मराठी त्याला एवढीच येत होती. हात त्याने कधी कुणावर उगारला नाही.