फेट्यातला फोटो

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, तरी लक्ष दाराकडे आहे — तो येईल म्हणून.

तो म्हणजे नामदेव, आमचा शेजारी. मंगरूळपीरच्या बाजाराला आम्ही वर्षानुवर्षं एकाच जीपनं गेलो.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज संध्याकाळी मी आकडे टाकायचो — किती आजारी, किती बरे, किती गेले. विचारून, पडताळून. ‘बापूचा आकडा पक्का,’ लोक म्हणायचे. ते मला आवडायचं. हेही सांगायलाच हवं ना?

गेलेल्याचं श्रद्धांजलीचं कार्ड मोबाइल दुकानवाला रमेश बनवायचा. फोटो, भोवती झेंडूचा हार. मयतीला जायची सोय नव्हती. कार्डाखाली हात जोडायचे, एवढंच हातात होतं.

नामदेव वाशीमला ऑक्सिजनवर होता. एका सकाळी डेअरीवर कोणीतरी म्हणालं, तो गेला. वहिनींना एक फोन करायला किती वेळ लागला असता? पण त्यांचं रडणं ऐकायची भीती वाटली — आणि संध्याकाळचा आकडा अपुरा राहायला नको होता. होय, हेच मनात होतं. मी रमेशला फोटो पाठवला, माझ्या मुलीच्या लग्नातला, फेटा बांधलेला. खाली लिहिलं, नामदेव गेला, कार्ड टाक.

नामदेव जिवंत होता. तोंडावर मास्क, हातात फोन — आणि गाव त्याला फुलं वाहत होतं. कोणी काय लिहिलं, कोणी काहीच लिहिलं नाही, सगळं त्यानं वाचलं.

तो जिवंत असल्याचं कळताच रमेशनं ग्रुपवरून कार्ड पुसलं. दुकानापाशी गाव त्याच्यावर तुटून पडलं. ‘मले सांगतलं एकानं,’ एवढंच तो म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं? सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो, ‘काहून बे, इचारल्याबिगर जित्या माणसाले हार घालतं काय?’ लोक हसले. रमेशनं माझं नाव कधीच घेतलं नाही. का, ते विचारायची हिंमत मला झाली नाही.

नामदेव घरी आला. छाती बरी झाली, मन नाही. फोन वाजला की थरथरतो. अकोल्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. यंदा गावात गेलेल्यांच्या नावांचा फलक लागला — नावं तपासायचं काम अर्थात माझ्याकडे. तेव्हापासून तो रोज सकाळी फलक वरपासून खालपर्यंत वाचतो आणि माझ्या ओट्यावर येतो.

‘बापू, माह्यं नाव तं नाही ना त्याच्यावर?’

‘नाही रे.’

‘तुमी पाह्यलं ना? मंग ठीक हाय.’

रोज. आणि रोज मला कार्डावरचा फोटो आठवतो. तो फोटो माझ्या फोनशिवाय कुठेच नव्हता.

काल तो उठला नाही. बसूनच राहिला. ‘बापू, त्या कार्डातला फोटो तुमच्या पोरीच्या लग्नातला होता ना? फेटा होता माह्या डोक्यावर.’

‘नाही रे नामदेवा,’ मी म्हणालो, ‘फेटा नव्हता. तुले भास होते.’

त्यानं डोक्यावरून हात फिरवला, फेटा चाचपावा तसा. ‘तुमी म्हणता तं नसंल.’

आज तो फलकाकडे गेलाच नाही. सरळ माझ्याकडे आला. ‘माह्या डोयाचा भरोसा नाही राह्यला, बापू. तुमीच वाचून सांगा.’

मी गेलो. एकेक नाव मोठ्यानं वाचलं. तो माझ्या मागे उभा होता.