मान हलली म्हणून

दुपारचं जेवण आवरून पद्मिनी दिवाणावर आडवी होते. पंखा गरगरतोय. शेजारी कुणीतरी गच्चीवर मिरच्या पसरतंय, त्यांची खुळखुळ हळूहळू लांब जाते. डोळे मिटतात न मिटतात तोच पायथ्याशी भूपाल बसलेला दिसतो. नवरा जाऊन वर्ष उलटलं, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी त्याला नीट बसता यावं म्हणून ती पाय आखडून घेते.

"झोपलीस?"

आवाज पूर्वीचा, खणखणीत. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासणाऱ्या माणसाचा.

"बोलता येतंय तुम्हाला?"

"आता येतंय की."

ती चहा टाकायला स्वयंपाकघरात जाते. ओट्यामागच्या भिंतीला गोल भोक पडलंय, डोकं टेकवता येईल एवढं. हे भोक तिच्या ओळखीचं आहे. इथलं ऑपरेशन झालं, इथली किरणं झाली, तरी भूपालच्या मेंदूतली गाठ परत आली, तेव्हा मुलीनं, चेलनानं, जपानातलं इस्पितळ शोधून काढलं होतं. तिथं आधी त्याच्या शिरेतून बोरॉनचं औषध सोडलं. मग अशाच एका भोकाशी त्याचं डोकं बांधून सगळे बाहेर निघून गेले. औषध गाठीत जास्त साठतं, भिंतीतून न्यूट्रॉन येऊन त्यावर आदळतात आणि गाठीची पेशी आतल्या आत फुटते. शेजारची बहुतेक वाचते. चेलनानं चित्र काढून समजावलं होतं. बहुतेक, हा शब्द पद्मिनीनं तेव्हा ऐकून सोडून दिला होता.

"गाठ मेली," ती म्हणते. "मला फोटो दाखवला त्यांनी."

"मेली खरी. आणि मी?"

चहा उतू जातो. तो पुसायला ती वाकते, तर हाताखाली फरशी नाही, उसाचा चोथा आहे. दोघं कारखान्याच्या आवारात उभे आहेत. मोळ्यांच्या ढिगावर तोंडाला मास्क लावलेल्या नर्स ओळीनं बसल्यात आणि ऊस सोलतायत.

"मला इथल्या इस्पितळातून सरळ घरी यायचं होतं," भूपाल म्हणतो. "कुणाला विचारून नेलंस तिकडं?"

"तुम्हाला विचारून. तुम्ही मान हलवलीत."

"बोलणं जवळजवळ गेलं होतं, मान हलायचीच गं तेव्हा. भात वाढू का, हलायची. दिवा घालवू का, हलायची."

"मग मी कशावर जायचं होतं? चेलना विचारतेय, डॉक्टर विचारतायत, तुमचे भाऊ फोनवर विचारतायत. सगळ्यांना माझ्याच तोंडून ऐकायचं होतं. तुम्ही सुटलात."

"सुटलो म्हणतेस."

"म्हणते. नंतर मेंदूला सूज आली, ती उतरलीच नाही. तोंडात एकच शब्द उरला होता, मला सिस्टर म्हणून हाक मारायचात. मी ओ द्यायची. रोज. बायको असून सिस्टर म्हणून ओ द्यायची."

तो चोथ्यावर चप्पल घासत राहतो. म्हणतो, "नाही म्हणायचंस."

"नाही म्हटलं असतं, तर आज इथंच उभं राहून विचारलं असतंत, का नेलं नाहीस म्हणून."

भूपाल हसतो. कडवट, पण खरं हसतो.

"विचारलं असतं."

आणि चालायला लागतो. त्याच्या डोक्यावर केस आहेत, दाट, काळेभोर, लग्नात होते तसे. हे बघून तिच्या अंगाची लाही होते. इतकं सगळं तिच्या माथी मारून हा माणूस ठणठणीत होऊन चाललाय. ती मागून जाऊन त्याचे केस मुठीत धरते.

"तिकडं नेलं नसतं, तर घरी येऊन मला ओळखलं असतंत? तेवढं सांगून जा."

"सोड, दुखतंय."

सगळ्या आजारपणात दुखतंय असं तो एकदाही म्हणाला नव्हता. तिला ते कळतं. तरी ती सोडत नाही, आणखी जोरानं ओढते.

जाग येते तेव्हा पंखा बंद पडलाय, मान घामानं चिकट झालीय. उजवा हात डोक्याखाली अडकलाय. तो सोडवून ती मूठ उघडते. आत केसांची बट आहे. लांब, पांढरी, मुळासकट आलेली.

कानामागं चुरचुरतंय. ती तिथं बोट लावते, तर बोटाला थोडं रक्त लागतं.